जेलातली अक्कलकोट गाडी

कंडक्टरकाकांना "बसा" म्हणून काही उपयोग नसे. कुठल्याही खोलीत आले की ते दाराच्या चौकटीला एक हात लावायचे, पाय फाकवून उभे राहायचे आणि अंग जरा सैल सोडायचे. सारी नोकरी चालत्या गाडीत उभ्याने केलेली, त्यामुळे न हलणाऱ्या जमिनीवर त्यांचा फारसा भरवसा नव्हता. अधीक्षक साहेबांच्या केबिनमध्ये साहेबांनी दोनदा खुर्ची दाखवली, तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या साहेब, फुडच्या टप्प्याला कुनी म्हातारं-कोतारं चढंल." त्या केबिनमध्ये कुणी म्हातारं-कोतारं चढणार नव्हतं. पण खुर्ची शेवटपर्यंत रिकामीच राहिली.

तेव्हा मी सोलापूरच्या जेलमध्ये एका संस्थेतर्फे काम करत होते. सुटका जवळ आलेल्या बंद्यांची बाहेरच्या जगण्यासाठी तयारी करून घ्यायची, हे माझं काम. समाजकार्याची पदवी घेऊन नुकतीच अकलूजहून आले होते, वय सव्वीस आणि हातात निळी फाईल, त्यामुळे आत्मविश्वासाला तोटा नव्हता. फाईलमध्ये सत्रं होती: व्यक्तिमत्त्व विकास, रागावर ताबा, व्यसनमुक्ती, मोबाईलचा वापर. आणि काकांच्या हातात एका ओळीचा अर्ज होता. "मी निवृत्त वाहक असून मला जेलमध्ये एसटी सुरू करण्याची परवानगी मिळावी." साहेब बराच वेळ हसले. समोरचा माणूस हसत नाही हे लक्षात आल्यावर त्यांनी ते प्रकरण माझ्याकडे सरकवलं. "मॅडम, तुमच्या कार्यक्रमात कुठं तरी जागा बघा यांना."

मी फाईल उघडून विचारलं, "काका, यातला कुठला विषय घ्याल?"

त्यांनी बोटाला थुंकी लावून पानं उलटली. "व्यक्तिमत्त्व विकास झाला. त्यो विकास घिऊन मानूस गेटाच्या भायेर आला. आता घरी कसा जानार?"

"एसटीनं जाईल."

"त्ये शिकवलंय का कुटं ह्यात?"

"एसटीत बसायला काय शिकवायचंय काका?"

विनातिकीट माणसाकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "गुरवारी येतो. बगा."

गुरुवारी आले ते चक्क खाकीत. निवृत्त होऊन तीन वर्षं झालेली, तरी शर्टाची इस्त्री कडक. बिल्ला परत द्यावा लागला होता, म्हणून त्या जागी त्यांनी एक सेफ्टी पिन लावली होती. तेवढ्यावर त्यांचं समाधान होतं. गेटवर झडतीत तिकिटं टोचायचा जुना पंच काढून ठेवला तेव्हा मात्र चेहरा उतरला. मग तो आवाज ते तोंडाने काढू लागले, जीभ टाळूला लावून टिक-टिक. मी तिथे होते तोवर आमच्या जेलमधली सगळी तिकिटं अशी तोंडानेच टोचली गेली.

सुतारकामाच्या शेडमध्ये वीस-बावीस बंदी बाकांवर बसले होते. काका दारातून आत आले, आणि कुणी काही बोलायच्या आत सगळेच्या सगळे बाकांवरून खाली उतरले आणि दोन-दोनच्या जोडीने उकिडवे बसले, नजर जमिनीकडे. मोजणीला असं बसायचं असतं. वर्षानुवर्षं दिवसातून कितीदा तरी बसायचं, त्यामुळे खाकी दिसली की गुडघे आपोआप दुमडतात. मला ते रोजचंच होतं, मी हजेरीचा कागद काढायला लागले. काका मात्र चौकट धरून तसेच उभे राहिले.

"मॅडम," त्यांनी हळूच विचारलं, "ह्ये अंगातनं जायला किती वर्सं लागत्यात?"

फाईलमध्ये तसं काही नव्हतं.

बाहेर आल्यावर मी त्यांना चांगलंच फैलावर घेतलं. माणसं घाबरली, पुढच्या वेळी साधे कपडे घालून या, म्हटलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "साध्या कापडातला कंडक्टर यांना एसटीत भेटनार हाय का? पोस्टमन साध्या कापडात येनार हाय? बँकेच्या दारातला वाचमन?" मी रागातच रिक्षात बसले. काका चालत गेले. रिक्षाला ते गाडी मानत नसत, कारण तिला घंटी नसते.

पुढच्या आठवड्यात शेडमध्ये गाडी उभी राहिली. दोन ओळींत बाकं, मधे जायला वाट, मागच्या बाजूला खडूने आखलेलं दार. ट्रक चालवणारा एक बंदी होता, त्याला ड्रायव्हर केलं. त्याने जेवणाचं ताट स्टिअरिंगसारखं धरलं आणि तोंडाने असं इंजिन सुरू केलं की पहाऱ्यावरचा शिपाई आत डोकावला. हा ड्रायव्हर ब्रेकही फार जोरात लावायचा. जागच्या जागी उभ्या बाकांवर माणसं पुढे फेकली जायची आणि काका ओरडायचे, "अरं, पॅसेंजर हायेत का वाळूची पोती?" त्या शेडमध्ये माणसं मोठ्याने हसलेली मी त्याआधी ऐकली नव्हती.

काकांचा धडा एवढाच होता की खाकीतला माणूस तुमच्या डोक्याशी येऊन उभा राहील, तेव्हा तुम्ही बसून राहायचं. त्याच्या तोंडाकडे बघायचं आणि गावाचं नाव सांगायचं. ऐकायला पोरखेळ वाटतो. पहिला महिनाभर एकालाही जमलं नाही. काका जवळ आले की माणूस बाकावरून घसरायला लागायचा. काका ओरडत नसत. दोन पावलं मागे जायचे, "फुडं सरका, फुडं सरका" असं उगाच हवेला सांगायचे आणि पुन्हा यायचे. एकाच माणसाकडे सलग नऊ वेळा गेलेले मी बघितले आहेत.

बसून राहायला जमलं की दुसरा घाट लागायचा. काका विचारायचे, "कुटं?"

माणूस जमिनीकडे बघायचा. मग म्हणायचा, "साहेब, जितं पाटवाल तितं."

"एसटी कुनाला पाटवत न्हाय. एसटी नेती. कुटं जायचं त्ये तू सांगायचं."

या एका प्रश्नावर चांगले दांडगे गडी रडले. बायको माहेरी गेलेली, घर भावाच्या नावावर झालेलं, गावात तोंड दाखवायची सोय उरलेली नाही. कुठं म्हणून सांगणार? पंधरा दिवस मिनतवारी करून माझ्या रागाच्या सत्रात जे बाहेर यायचं नाही, ते यांच्या एका "कुटं?"ला बाहेर यायचं. मला हेवा वाटायचा. पण त्या उत्तरांवरून कुणाच्या घरी जायचं, कुणाच्या भावाशी बोलायचं, हे मला कळायला लागलं आणि माझं काम खऱ्या अर्थाने तिथून सुरू झालं, हेही खरं.

कोणी कुठल्या गुन्ह्यात आत आला, हे त्यांनी मला कधी विचारलं नाही. मी एकदा आपण होऊन सांगायला गेले तर म्हणाले, "पॅसेंजर कुटनं चडला ते कंडक्टर विचारतो. का चडला ते न्हाय विचारत."

हा माणूस हे सगळं का करतो, ते मला सात रस्ता चौकात कळलं. तिथल्या एका टपरीवर आम्ही चहा प्यायचो. चहा आला की, गाडी सोडताना म्हणतात तसं, ते "डबल बेल" म्हणायचे आणि मगच घोट घ्यायचे. सोबत डबा असायचा, त्यात कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. भाकरी ते उभ्यानेच मोडून खात. त्या दिवशी मी थट्टेत विचारलं, "काका, निवृत्त माणसं नातवंडं खेळवतात. तुम्हाला जेलचा काय नाद?"

त्यांनी भाकरीचा तुकडा डब्यात परत ठेवला.

नोकरीच्या शेवटच्या वर्षातली गोष्ट. अकलूजची गाडी, गच्च भरलेली. मोहोळच्या अलीकडे ते तिकिटं काढत एका माणसापाशी आले आणि तो सीटवरून उतरून मधल्या वाटेत उकिडवा बसला. खाली मान, हात गुडघ्यांवर. लोक हसायला लागले. काकांना वाटलं, पिऊन चढलाय. "ऊठ" म्हटल्यावर उठला, "उतर" म्हटल्यावर उतरला. वाद नाही, शिवी नाही, का म्हणून विचारणं नाही. भर उन्हात माळावर त्याला सोडून गाडी पुढे निघाली. तेव्हा मागच्या सीटवरचा कुणीतरी म्हणाला, जेलमधून सुटलेला असेल, तिथे असं बसवतात.

"मी शिंगल बेल दिली. गाडी थांबवली. पळत मागं गेलो," काका म्हणाले. "त्यो न्हवता गं. ज्वारीत शिरला का कुटं गेला. दारूचा वासबी न्हवता त्याच्या तोंडाला, मला कळायला पायजे हुतं." त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "येवडी वर्सं मानसं नेली. त्यो एकटा मी मदीच टाकला."

मी त्यानंतर खाकीबद्दल कधी तक्रार केली नाही.

त्या गाडीतल्या सगळ्या पॅसेंजरांत काकांचा जीव अडकला होता तो मल्लप्पात. साठीकडे झुकलेला, अंगाने काटक, अक्कलकोटकडचा. कानडीत विचार करून मराठीत बोलायचा, त्यामुळे प्रत्येक वाक्याआधी थोडा थांबायचा. शिक्षेची पुष्कळ वर्षं दुसऱ्या जेलमध्ये काढून शेवटच्या काही महिन्यांसाठी इकडे आला होता. बायको वारली होती, गावाशी संबंध उरला नव्हता. एक मुलगी होती, शिवलीला. ती अक्कलकोटमध्ये एका खोलीत भाड्याने राहून ब्लाउज शिवायची.

दोन वर्षांपूर्वी मल्लप्पा जेलमधून रजेवर तिच्याकडे गेला होता. तिसऱ्या दिवशी दारात पोस्टमन आला. मल्लप्पा उंबऱ्यावरच उकिडवा बसला, खाली मान घालून. सगळ्या गल्लीने ते पाहिलं आणि बाप गावाकडे असतो म्हणून मुलीने सांगून ठेवलेलं पाच मिनिटांत उघडं पडलं. महिन्याभरात तिला खोली सोडावी लागली. दुसरी खोली मिळायला, गिऱ्हाईक पुन्हा जमायला तिची दीड वर्षं गेली.

सुटकेच्या दोन महिने आधी तिचं पत्र आलं. मल्लप्पाला मराठी वाचायला जड जायचं म्हणून मीच वाचून दाखवलं. "अप्पा, या. माझ्याकडेच राहा. पण एकटे या. संस्थेची गाडी नको, कुणी माणूस सोबत नको. चार लोकांसारखे एसटीने या, मी स्टँडवर थांबते. मागच्यासारखं परत झालं तर मला ही पण खोली सोडावी लागेल आणि मग तुम्हाला ठेवायला माझ्याकडे जागा नसेल."

मल्लप्पाने ते पत्र घडी करून खिशात ठेवलं आणि म्हणाला, "जमत न्हाय की मॅडम मला. गुडगा ऐकत न्हाय."

काकांना कळलं तसं त्यांनी शेडमधल्या गाडीवर पाटी लावली: सोलापूर-अक्कलकोट. बाकीचे मार्ग बंद. आठवड्यातून दोनदा यायचे ते चारदा यायला लागले. मल्लप्पाला कधी खिडकीपाशी बसवायचे, कधी दाराशी, कधी दोन धिप्पाड माणसांच्या मधे. मागून अचानक यायचे. मुद्दाम तिरसटपणे "तिकीट!" म्हणून खेकसायचे. बाकीच्या बंद्यांना सांगून ठेवलेलं, गर्दी करा, त्याच्या पायावर पिशवी ठेवा, त्रास द्या. आणि मल्लप्पाने भांडायचं. काका त्याला डिवचायचे, "फुकट बसलायस का? तिकीट काडलंयस न्हवं? मग बोल की." मल्लप्पा पिशवी उचलून स्वतःच्याच मांडीवर घ्यायचा. काका कपाळावर हात मारून घ्यायचे आणि गाडी पुन्हा सोलापूरहून सोडायचे.

सहाव्या आठवड्यात गुडघ्याने ऐकलं. काका येऊन डोक्याशी उभे राहिले, मल्लप्पाने समोरच्या बाकाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली, वर बघितलं आणि म्हणाला, "अक्कलकोट. एक." सगळ्या गाडीने टाळ्या वाजवल्या. ड्रायव्हरने तोंडाने हॉर्न दिला. काकांनी तिकीट टोचलं, टिक-टिक, आणि पुढच्या माणसाकडे वळले, जणू काही विशेष झालंच नाही. खरं तर त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते मला दिसू नये म्हणून ते वळले होते.

सुटकेच्या दिवशी मला राहवेना. म्हटलं, काका, स्टँडवर जाऊन त्या गाडीच्या कंडक्टरला नुसती कल्पना देऊन ठेवू या? जरा सांभाळून घेईल.

"खबरदार," काका म्हणाले. "त्याला सांगितलंस की तिकीट काडायच्या आदी त्यो कैदी झाला. आन् तूबी जायाचं न्हाय. पोरीनं काय लिवलंय? येकटं."

"हो," मी म्हटलं, आणि गेले. सोलापूरच्या उन्हात पोरी डोक्याला आणि तोंडाला स्कार्फ गुंडाळून फिरतात, फक्त डोळे दिसतात. तसा मीही गुंडाळून घेतला आणि मल्लप्पा चढल्यावर मागच्या दाराशेजारच्या सीटवर जाऊन बसले. आपण केलं ते बरोबर नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं.

मल्लप्पा मधल्या सीटवर बसला होता. नवीन पांढरा शर्ट, मांडीवर कापडी पिशवी. गाडी सुटली. कंडक्टर निघाली बाई. तिशीतली, खाकी शर्ट-पँट, हातात तिकिटाचं मशीन. दोन महिने आम्ही पुरुषाच्या आवाजाचीच सवय केली होती. ती एकेक सीट करत त्याच्यापाशी आली आणि म्हणाली, "कुठं जायचं, मामा?"

मला मागून त्याची पाठ दिसत होती. ती पाठ पुढे घसरली. दोन बोटं, चार बोटं. मग समोरच्या सीटच्या दांडीवर दोन्ही हात आले. घसरणं थांबलं.

"अक्कलकोट. एक."

तिने तिकीट दिलं आणि पुढे गेली. तिच्या दृष्टीने एवढंच घडलं होतं. मी स्कार्फच्या आत रडत होते. वळसंगला एक बाई पोतं घेऊन चढली, ते तिने मल्लप्पाच्या पायावर टेकवलं, आणि मल्लप्पा सगळ्या गाडीला ऐकू जाईल असा म्हणाला, "बाई, पोतं सरकवा की. पाय हाय तो माझा." बाईने पोतं सरकवलं. मला वाटलं, उठून त्या बाईला मिठी मारावी.

अक्कलकोट आलं. स्वामींच्या दर्शनाला आलेली माणसं, आजूबाजूच्या गावची माणसं, सगळी दाराकडे झाली. पाच मिनिटांत गाडी रिकामी झाली. ड्रायव्हर आणि कंडक्टर नोंद करायला स्टँडवरच्या कंट्रोलरच्या खिडकीकडे गेले. गाडीत मी उरले, आणि मल्लप्पा.

तो उठलाच नाही. पिशवी मांडीवर, नजर समोर, ताठ बसलेला. आधी मला वाटलं, गर्दी जाऊ देतोय. मग वाटलं, बरं नाही की काय. आणि मग लख्खकन कळलं. तो वाट बघत होता. आमच्या शेडमध्ये वेळ संपली की काका मोठ्याने म्हणायचे, "चला, उटा, लायनीत जावा," आणि मगच सगळे उठायचे. दर वेळी, न चुकता. इथे कुणी "उठा" म्हटलं नव्हतं.

खिडकीतून मला शिवलीला दिसली. फोटोत पाहिली होती, म्हणून ओळखली. गाडीच्या दाराशी उभी राहून तिने उतरणारा प्रत्येक माणूस नजरेने तपासला होता. आता दारातून कुणी उतरत नव्हतं. तिने मोबाईलमध्ये वेळ बघितली. पुन्हा दाराकडे बघितलं. मग पदर सावरून ती वळली आणि फाटकाकडे चालू लागली.

माझ्या तोंडात आलं होतं, मल्लप्पा, उठा. एका शब्दाचं काम होतं. तो लगेच उठला असता, हेच तर वाईट होतं. मी दोन्ही हातांनी स्कार्फ तोंडावर दाबून धरला. आयुष्यात मी केलेलं सगळ्यात अवघड काम कुठलं, असं कुणी विचारलं तर मी तेच सांगेन.

मल्लप्पाने मान वळवली. खिडकीतून त्याला तिची पाठ दिसली असणार. तो उठला. इतका झटक्यात उठला की डोकं वरच्या सामानाच्या फळीवर आपटलं. पिशवी छातीशी धरून तो दारापर्यंत गेला, पायरीवर क्षणभर थबकला, आणि उतरला. मग त्याने हाक मारली. तिचं घरातलं नाव असावं, मला नीट ऐकू आलं नाही. ती मात्र जागच्या जागी वळली.

"येष्टोत्तु, अप्पा?" ती म्हणाली. किती हा वेळ?

"ईग बंतु," मल्लप्पा म्हणाला. आत्ताच तर आली गाडी.

एवढ्या वर्षांत त्याने पहिल्यांदा कुणाला तरी थाप मारली असेल. तिने त्याच्या हातातली पिशवी घेतली आणि ती दोघं स्टँडबाहेर गेली. ती खोली तिला सोडावी लागली नाही. आजही तो तिथेच आहे, ब्लाउजना हूक आणि काजं करून देतो.

मी संध्याकाळी काकांकडे गेले आणि सगळं सांगितलं. सोबत गेले म्हणून त्यांनी आधी मला मनसोक्त झापलं. मग कितवी सीट, कंडक्टर कोण, "एक" आधी म्हणाला का गाव आधी, हे सगळं क्रमाने विचारून घेतलं. कंडक्टर बाई होती म्हटल्यावर मांडीवर थाप मारून हसले. पोत्याचं दोनदा सांगायला लावलं. शेवटी मी तो गाडीत बसून राहिल्याचं सांगितलं, तेव्हा त्यांचा हात हळूच चौकटीवरून खाली आला. ओळख झाल्यापासून पहिल्यांदाच ते माझ्यासमोर खाली बसले, स्वतःच्या घराच्या पायरीवर.

"आपली गाडी कदी पोचलीच न्हाय की गं," ते म्हणाले. "सोलापुरातनं सुटायची, सुटायची आन् टाइम संपायचा. उटा म्हनून मीच सांगत हुतो. खाकी घालून, मीच."

मी म्हटलं, "काका, तो उतरला ना."

"त्यो उतरला. त्याची पोरगी दिसली म्हनून उतरला. ज्याला कुनी न्हाय दिसनार त्यानं काय करायचं?" मग म्हणाले, "चुकलं माजं."

चुकलं म्हणून हातावर हात धरून बसणारा तो माणूस नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळीच, पहारा थोडा वेळ लांब ठेवायला, त्यांनी अधीक्षक साहेबांची परवानगी काढली. शेडमध्ये गाडी भरली, ड्रायव्हरने इंजिन सुरू केलं, तिकिटं टोचून झाली. ड्रायव्हरने या वेळी ब्रेक अगदी हळू लावला. काकांनी आवाज दिला, "अक्कलकोट!" आणि उठा नाही, चला नाही, काही न म्हणता ते दारातून बाहेर पडले आणि अंगणाच्या कडेला गाडीकडे पाठ करून उभे राहिले. मीही त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले. शिपायाला सांगून ठेवलेलं होतं, तोही लांब गेला.

आत काही हालचाल नाही. मी वळून बघायला लागले तर काकांनी माझं मनगट धरलं. "बगू नगंस. तू बगितलंस तर तुज्यासाटी उटतील."

आम्ही उभे राहिलो. ऊन चढलं. काकांच्या मानेवर घाम आला, तो त्यांनी पुसला नाही. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. मला वाटायला लागलं की आता वेळ संपल्याची घंटा होईल आणि सगळं वाया जाईल.

मग आत एक बाक सरकल्याचा आवाज आला.

बाहेर आला तो एक मध्यमवयीन, कधी कुणाच्या अध्यात ना मध्यात नसलेला बंदी. महिनोन् महिने त्याचा आवाज मी ऐकला नव्हता. दारात त्याची पावलं थांबल्याचं ऐकू आलं. उजवीकडे-डावीकडे बघत असावा. मग सरळ आमच्या शेजारून, "साहेब, जाऊ का" न म्हणता, अंगणातल्या नळाकडे गेला, तोटी सोडली आणि ओंजळीने पाणी प्यायला लागला. त्याच्या मागोमाग दुसरा आला, तो सावलीत जाऊन बसला.

काका त्या नळाकडे बघत राहिले. माझं मनगट त्यांच्या हातात तसंच होतं, ते त्यांनी दाबलं. पोरगा पहिल्या नंबराने पास झाल्याचं सांगताना बाप जसा दबक्या आवाजात सांगतो, तसं ते मला म्हणाले, "बगितलंस का? माज्याकडं ढुंकूनसुदिक बगितलं न्हाय त्यानं."